लामेद

दफ्तरखान्याच्या किल्ल्या तेव्हा माझ्याकडे असायच्या.
आठाच्या आधीच ती दारात उभी,
फेराराचं धुकं कोटावर घेऊन,
सायकलच्या साखळीचं काळं बोटांना.
"हात धुवा आधी, सिन्योरा देल्फिना."
"तूच धू, एर्मेते. लसणीचा वास इथवर येतोय."

तिला हवी असत नोटरींची जुनी बाडं:
कुणी कुणाला गाढव विकलं,
कुणाच्या मुलीला हुंडा किती,
कालव्याच्या पाण्यावरून कोण कुणाला काय बोललं.
आतली एक ओळ ती वाचत नसे.
तिला हवं होतं वेष्टन.

कुठल्याशा शतकात जप्त झालेली पोथी
कुणीतरी मापानं कापली, उलटी केली
आणि गाढवांच्या हिशेबावर पांघरूण म्हणून शिवली.
"चामडं चांगलं होतं ना," ती म्हणायची,
"कंजूष माणसं. देव त्यांचं भलं करो.
जाळली असती, तर मी काय वाचलं असतं?"

तिच्याबद्दल मला कळलं तेही असंच, कातरलेलं.

आजोबा जेवणाच्या टेबलावर ताल्मूद शिकवायचे,
उम्बेर्तोला, तिच्या भावाला.
ती शेजारी मटार सोलायची.
तो अडखळला की मटार थांबायचे.
एकदा तिनंच अडलेला शब्द पुरवला.
आजोबा वर न बघता म्हणाले,
"खिडकी लावा. बाहेरून आवाज येतोय."

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात ती अकरा वर्षांची.
मठातल्या बायांनी तिचं नाव तेरेसा ठेवलं.
दीड वर्ष तेरेसा.
तिथं लॅटिन आलं, एवढंच सांगायची,
आणि चेस्टनटच्या पिठाचं काही पुन्हा तोंडाला लावलं नाही.
उम्बेर्तोचं तिनं सांगितलं नाही.
ते मी सिनेगॉगच्या भिंतीवर वाचलं,
आडनाव जुळवत.

विद्यापीठात एकोणीस वर्षं साहाय्यक.
तीन प्राध्यापक आले, गेले.
तिची खुर्ची तीच, एका पायाखाली पुठ्ठा.
तिनं लावलेली पानं त्यांच्या नावानं छापून आली,
शेवटी बारीक अक्षरात: टंकलेखन, कुमारी साचेर्दोती.
एकदा रोमहून एक रब्बी आले, तिची सूची काखेत धरून,
आणि तिलाच विचारलं, "सर कुठे बसतात?"
मी किल्ल्या वाजवल्या, हसू दाबायला.
तिनं त्यांना तीच खुर्ची दिली.

मला तिनं एकच अक्षर शिकवलं.
"बघ, आपली अक्षरं रेघेवर बसतात.
ही रेघेला लोंबतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी.
एकटं लामेद दोरीच्या वर मान काढतं."
मग एक पट्टी उजेडात धरली.
खालच्या काठाला कात्रीनं अख्खी ओळ नेलेली.
उरले होते सात काळे शेंडे, गवतासारखे.
"सात लामेद," ती म्हणाली. "आता मधलं अंतर मोज."
अकरा महिने मोजत होती.
ओळ लागली, तेव्हा बाहेर बाजार भरला होता,
आणि सांगायला जवळ मीच.
काय होतं त्या ओळीत? म्हणे,
सापडलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा, याचा वाद.
निकाल पुढच्या पानावर.
ते पान आमच्याकडे नव्हतं.

चेंतोत असेल, म्हणायची. मग, मोदेनात असेल.
सत्तरीतही बसनं जायची, डब्यात उकडलेलं अंडं.
रविवारी मला फोन:
"नाही. पुन्हा गाढवं."

आता किल्ल्याच नाहीत, दाराला नंबर दाबतात.
जानेवारीत मी तिच्याकडे जाऊन आलो.
दगड अर्धा बर्फात. नाव हिब्रूत,
मला कुठलं वाचता येतंय.
पण बर्फावर एक मान दिसली,
बाकीच्यांपेक्षा उंच.
बराच वेळ उभा होतो. अंतरं मोजायला मला जमत नाही.

फाटकापाशी नळ आहे, निघताना हात धुतात तिथं.
धुतले.
लसणीचा वास गेला नाही.